सायकल ट्रॅकवरून गेलं की करंगळी बधिर होते. सायकल बदलू की पकड?

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. रोज जाऊन-येऊन १४ किलोमीटर सायकल, त्यातले निम्मे ठोकळे बसवलेल्या सायकल ट्रॅकवरून, दोन महिन्यांपासून करंगळी आणि अनामिका बधिर, आणि मित्र म्हणतात तुझी पकड चुकते. सायकल बदलू की पकड बदलू, असं तुम्ही विचारलंय.

मित्रांना आधी त्या ट्रॅकवरून सात किलोमीटर सायकल चालवायला सांगा. पकडीबद्दल नंतर बोलू.

हे पकडीचं वाक्य मला फार लागतं. माझ्या सख्ख्या भावाने ते मला कित्येक वर्षं ऐकवलंय. दादाची सगळी नोकरी रस्तेबांधणीत गेली. त्याच्यापुढे रस्त्याला नावं ठेवणं म्हणजे त्यालाच नावं ठेवल्यासारखं होतं, त्यामुळे घरात हा विषय निघाला की जेवणं थंड व्हायची.

माझं सुरू झालं ते अगदी तुमच्यासारखंच. मी रोज ज्या रस्त्याने कामाला जायचे त्याच्या कडेने नवा ट्रॅक झाला. मोठ्या आनंदाने त्यावरून जायला लागले. पहिल्याच दिवशी हँडलवरची घंटी आपोआप किणकिणत होती, पुढच्या टोपलीतला डबा उड्या मारत होता. महिन्याभरात घरी पोचल्यावर करंगळीला मुंग्या यायला लागल्या. हात झटकला की जायच्या, म्हणून मी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी शर्टाचं वरचं बटण लागेना. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत बटण धरायचे आणि ते निसटायचं. मला वाटलं बटणच गुळगुळीत आहे. मग कळलं, चिमटीत जोरच नाही.

डॉक्टरांनी समोर एक साधा कागद धरला. म्हणाले, अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये घट्ट धरा, मी ओढतो. उजव्या हातातला कागद हलला नाही. डाव्या हाताच्या अंगठ्याचं पेर मी न वाकवता आपोआप दुमडलं, आणि तरीही कागद सुटून त्यांच्या हातात गेला. तो दुमडलेला अंगठा बघून मी घाबरले होते.

हे होतं ते अल्नर नसेमुळे. ही नस कोपराच्या आतल्या बाजूने येते आणि मनगटाशी, तळहाताच्या करंगळीकडच्या मुळाशी, दोन छोट्या हाडांमधल्या अरुंद वाटेने आत शिरते. गीयों नावाच्या फ्रेंच शल्यविशारदाने १८६१ मध्ये या जागेचं वर्णन केलं, म्हणून तिला गीयोंचा बोगदा म्हणतात. करंगळीची आणि अर्ध्या अनामिकेची संवेदना हीच नस सांभाळते, आणि हाताचे बरेचसे बारीक स्नायूही. आता हँडल धरून बघा: शरीराचा भार तळहाताच्या नेमक्या त्याच जागेवर येतो. नुसता भार नस बराच वेळ सोसते. त्या भाराखाली हँडल तासभर थरथरत राहिलं की मात्र ती दबते, सुजते आणि काम सोडते.

हा थरथराट किती असतो ते मोजता येतं. फरसबंदीचा नेहमीचा ठोकळा २० सेंटीमीटर लांब आणि १० सेंटीमीटर रुंद. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. ठोकळे लांबीच्या दिशेने लावले असतील तर चाक सेकंदाला २५ सांधे ओलांडतं, आडवे लावले असतील तर ५०. तुमचे रोजचे सात किलोमीटर म्हणजे किमान ३५,००० सांधे, दररोज, प्रत्येक चाकाला. ठोकळ्यांच्या कडा तासलेल्या असतील, खालची वाळू पावसाने वाहून एखादा ठोकळा वर आणि एखादा खाली गेला असेल, तर प्रत्येक सांधा हा छोटा हातोडाच आहे. डांबराच्या सलग थरावर हे घडत नाही. नेदरलँड्समधल्या सायकलस्वारांच्या संघटनेने हादरे मोजणारी सायकल फिरवून ट्रॅक तपासलेत, आणि तिथले चांगले ट्रॅक सलग लाल डांबराचे असतात ते उगीच नाही.

दादाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "हँडल आवळून धरतेस तू. मी परवाच गाडीने तिथून गेलो, पोटातलं पाणी हललं नाही."

पोटातलं पाणी! गाडीला चार रुंद टायर, स्प्रिंगा, शॉकअब्सॉर्बर आणि गादीची सीट. आणि गाडी गेली ती शेजारच्या डांबरावरून, ट्रॅकवरून नाही. पण हा निव्वळ दादाचा हट्ट नाही, मोजमापच तसं आहे. जगभर रस्त्याचा खडबडीतपणा ज्या निर्देशांकाने मोजतात (जागतिक बँकेने तो १९८० च्या दशकात रुळवला) त्यात ताशी ८० किलोमीटरने धावणाऱ्या मोटारीचं एक चाक आणि त्याची स्प्रिंग गृहीत धरलेली असते. मोटारीला जाणवतात त्या मीटर-मीटर लांबीच्या लाटा. वीस सेंटीमीटरवरचा सांधा तिला जवळपास कळतच नाही. मग कागदावर रस्ता उत्तम ठरतो आणि हात मात्र आपला बधिर होतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी दादाला माफ केलं असतं. पण पुढे मी पडले.

केबल टाकायला कोणीतरी रस्त्यात लांबलचक चर खणला होता, रस्त्याच्या दिशेने, आणि वरून घाईत बुजवला होता. असा चर बुजवताना माती एकेक वीतभराच्या थराने टाकून प्रत्येक थर दाबावा लागतो. सगळी माती एकदम लोटून वरून डांबराची पट्टी फासली की पहिल्या पावसात ती खाली बसते. तशीच ती बसली होती. संध्याकाळ होती, रस्ता ओला होता, मागून ट्रक आला म्हणून मी थोडी कडेला सरकले आणि पुढचं चाक त्या खाचेत उतरलं.

आडव्या खड्ड्यात चाक गेलं तर दणका बसतो, बहुतेक वेळा माणूस सावरतो. उभ्या खाचेत तसं होत नाही. सायकलचा तोल आपण हँडलनेच सांभाळतो: ज्या बाजूला कलतो त्या बाजूला चाक नकळत वळवत राहतो. खाचेने चाक धरून ठेवलं की हे वळवणंच बंद पडतं, आणि अर्ध्या-एक सेकंदात सायकल आडवी. मी डाव्या खांद्यावर पडले. कॉलरबोन मोडलं. ट्रकवाल्याने वेळेत ब्रेक मारला म्हणून हे लिहायला आहे.

दादा दवाखान्यात आला, खुर्ची ओढून बसला आणि पहिलं वाक्य म्हणाला, "रस्त्याला कशाला दोष देतेस, तोल तुझा गेला." आई होती, माझी मुलगी होती, दोघींसमोर.

हात गळ्यातून निघाल्यावर मी पहिलं काम केलं ते मुलीची शाळेतली पट्टी घेऊन त्या जागी जाण्याचं. खाच ४ सेंटीमीटर खोल, ६ सेंटीमीटर रुंद. माझा टायर ३२ मिलिमीटरचा. पट्टी आत उभी केली तर डांबराची कड चाकूने कापल्यासारखी सरळ होती, आणि तळाच्या वाळलेल्या चिखलात दुसऱ्या कोणाच्या तरी सायकलच्या टायरची नक्षी उमटलेली होती. ती नक्षी मी खूप वेळ बघत उभी होते. फोटो काढून दादाला पाठवला. त्याने उत्तर दिलं नाही. पुढच्या भेटीत म्हणाला, "तीन मीटरची सरळपट्टी रस्त्याच्या लांबीने ठेवली तर उंचसखलपणा मर्यादेत बसतो. मुळात तुमच्यासाठी वेगळा ट्रॅक केलाय, अजून काय पाहिजे?"

या "अजून काय पाहिजे"चं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, आता देते. चांगल्या रस्त्यांची मागणी मोटारी येण्याआधी सायकलवाल्यांनीच रेटली होती. इंग्लंडमध्ये १८८६ मध्ये त्यासाठी संस्था निघाली, अमेरिकेत सायकलस्वारांच्या संघटनेने चळवळच उभी केली. हवेचं टायर व्यवहारात आलं ते १८८८ मध्ये, डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकीला बसणारे दणके कमी करायला केलेल्या प्रयोगातून. आणि रस्ता झिजवण्याचं म्हणाल, तर अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या मोठ्या चाचणीतून निघालेला हिशेब असा की रस्त्याचं नुकसान आसावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. सायकलच्या एका आसावर ४५ किलो आणि मोटारीच्या आसावर ७२० किलो धरले तर भार सोळा पट, आणि नुकसान पासष्ट हजार पट. हा नियम जड वाहनांच्या चाचणीतला आहे, त्यामुळे नेमका आकडा धरून बसू नका. पण रस्ता कोण फोडतं आणि फुटलेल्या रस्त्यावर कोण पडतं, एवढं त्यातून दिसतं.

आता तुमची सायकल. नवी घेऊ नका. आहे त्याच सायकलच्या चिमट्यात बसेल तेवढा रुंद टायर टाका, ३५-४० मिलिमीटरचा बसला तर उत्तम, आणि हवा कमी करा. टायरच्या बाजूला छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरायचीच असं नसतं. टणक टायर जोरात पळतो हे गुळगुळीत पृष्ठभागावर खरं. खडबडीत रस्त्यावर तोच टणक टायर तुम्हाला आणि सायकलला उडवत राहतो आणि तुमची ताकद त्या उडण्यात जाते. पॅरिस-रुबे शर्यतीत पन्नासेक किलोमीटर दगडी फरसबंदी असते, आणि तिथे जगातले सर्वांत वेगवान सायकलपटू मुद्दाम रुंद टायर लावून हवा कमी ठेवतात. पाच-पाच पीएसआयने उतरवत जा, पुढच्या चाकात मागच्यापेक्षा थोडी कमी. कडेवर आदळताना रिम टेकतेय असं वाटलं किंवा ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडली तर फार उतरवलीत, थोडी वाढवा.

सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर सपाट करा, नाहीतर सगळा भार हातांवर घसरतो. मनगट सरळ, कोपर किंचित वाकलेलं, आणि दर काही मिनिटांनी हाताची जागा बदला. शेजारच्या रस्त्याचं डांबर धड असेल आणि रहदारी झेपत असेल तर ट्रॅक सोडून रस्त्यावरून जा, लोक काहीही म्हणोत. मी आजही तसंच जाते. उभी खाच ओलांडायचीच असेल तर आधी मागे बघा, मग जमेल तितकं काटकोनात वळून ओलांडा. तिरकं जाऊ नका. ओल्या दिवशी चेंबरची झाकणं आणि रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे यांच्यावर वळू नका.

पकडीचा काहीच संबंध नसतो असं मी म्हणत नाही. मीही तेव्हा हँडल आवळून धरत होते. पण हँडल हातातून उसळत असतं तेव्हा माणूस आवळणारच. रस्ता बदलल्यावर माझी पकड न शिकवता सैल झाली.

आणि हे आधी सांगायला हवं होतं: करंगळी बधिर व्हायला कोपर, मान, मधुमेह अशी इतरही कारणं असतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर ती वेगळी नस, तिचं वेगळं बघावं लागतं. पंधरा दिवस सायकल थांबवून बघा. तरी फरक नसेल, चिमटीतला जोर कमी वाटत असेल किंवा अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग खोल गेलेला दिसत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जा. कागदाची परीक्षा आज घरीच करता येईल. मी तीन महिने अंगावर काढलं, त्यामुळे पूर्ण जोर परत यायला वर्ष लागलं.

दादाने माझी सायकल अजून एकदाही त्या ट्रॅकवरून चालवलेली नाही. मी दरवेळी विचारते.

तुमच्या ट्रॅकवरचा ठोकळा किती सेंटीमीटरचा आहे आणि कुठल्या दिशेने लावलाय ते मोजून कळवा, आणि तुमचा वेगही. सेकंदाला किती सांधे येतात तो आकडा मी काढून देते. मित्रांना तोच दाखवा.