वॉर्डात कोण राहतं आणि काय कमावतं, हे जनगणनेतून कसं काढायचं?

तुमचा प्रश्न असा आहे की मिश्र वस्तीच्या वॉर्डाची भाषा, धर्म, जात, कामधंदा आणि उत्पन्न ही आकडेवारी एका जागी कुठे मिळेल. एका जागी ती मिळत नाही. उत्पन्न तर जनगणनेत विचारतच नाहीत. धर्म आणि मातृभाषेचे तक्ते वॉर्डापर्यंत उतरत नाहीत. तेव्हा ‘या वॉर्डात इतके टक्के अमुक’ असं कोणी 2011 च्या जनगणनेच्या नावावर सांगत असेल, तर तो आकडा बहुधा अख्ख्या शहराचा असतो, नाहीतर मतदार यादीतली आडनावं मोजून काढलेला. आडनावांच्या वाटेला जाऊच नका. पाटील, देसाई, चौधरी यांची भाषा, जात, धर्म आडनावावरून कोण सांगणार?

वॉर्डनिहाय दोन फाइली मिळतात, त्यांवर बरंच काम भागतं. पहिली प्राथमिक जनगणना गोषवारा. यात कुटुंबं, स्त्री-पुरुष, 0-6 वयाची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि कामगार असतात. दुसरी घरयादीची. यात खोल्या, मालकीचं की भाड्याचं, पाणी, शौचालय, बँक खातं, दुचाकी, मोटार, संगणक.

आधी हद्द तपासा, निम्म्या चुका इथेच होतात. मुंबईत 2011 मध्ये प्रशासकीय वॉर्ड 24 होते आणि निवडणुकीचे प्रभाग 227. जनगणनेतला वॉर्ड म्हणजे आजचा प्रभाग नव्हे. 2011 नंतर प्रभागांची फेररचनाही झाली. महापालिकेच्या प्रभागरचनेच्या अधिसूचनेत प्रत्येक प्रभागाची लोकसंख्या आणि अनुसूचित जाती-जमातींची संख्या 2011 च्या आधारे दिलेली असते, ती ताडून पाहा.

मग गोषवारा. साक्षरतेचा दर काढताना एकूण लोकसंख्येतून 0-6 वजा करा आणि उरलेल्या संख्येनं भागा. हे विसरलं की मुलं जास्त असलेली वस्ती उगाच अडाणी दिसते. कामगारांत ‘मुख्य’ म्हणजे वर्षात 6 महिने किंवा जास्त काम केलेले, बाकीचे ‘सीमांतिक’. सीमांतिकांचा वाटा मोठा असेल तर काम तुटक आहे असं समजा. शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, इतर या चार गटांचा मात्र शहरात फारसा उपयोग नाही. फेरीवाला आणि बँक मॅनेजर दोघंही ‘इतर’मध्ये.

स्थलांतराचे तक्तेही वॉर्डापर्यंत येत नाहीत, पण एक खूण सापडते. 0-6 चं आणि एकूण लोकसंख्येचं लिंग गुणोत्तर (हजार पुरुषांमागे किती स्त्रिया) शेजारी ठेवा. समजा मुलांत ते 910 आणि एकूण 740 आहे, शिवाय मुलांचा वाटाही कमी आहे; तर कुटुंब गावी ठेवून आलेले पुरुष कामगार तिथे जास्त असण्याची शक्यता मोठी. हद्दीत मुलग्यांचं मोठं वसतिगृह किंवा तुरुंग असला तरी आकडा असाच दिसतो, म्हणून आधी ते बघा.

महाराष्ट्रात आणखी एक गफलत नेहमी होते. 1990 पासून अनुसूचित जातींमधून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीत धरतात. म्हणून शहराच्या तक्त्यातले बौद्ध आणि अनुसूचित जाती यांची बेरीज करू नका, तीच माणसं दोनदा मोजली जातात. भाषेच्या तक्त्यात भोजपुरी आणि राजस्थानी ‘हिंदी’च्या पोटात असतात, तिथे गटाची बेरीज न घेता आतली मातृभाषा पाहा.

आर्थिक स्थितीसाठी घरयादीतले दोन रकाने जोडीनं वाचा: एकाच खोलीत राहणारी कुटुंबं आणि मोटार असलेली कुटुंबं. दोन्ही टक्केवारी शहरापेक्षा जास्त असेल तर वॉर्डात टॉवर आणि चाळ शेजारी आहेत; तिथे सरासरी काढून ‘मध्यमवर्गीय वस्ती’ लिहिणं म्हणजे जिथे कोणीच राहत नाही असं घर रंगवणं. ही टक्केवारी कुटुंबांची आहे, तिला लोकसंख्येनं गुणू नका. रेडी रेकनरचा दर उत्पन्नाच्या जागी वापरणारे पुष्कळ भेटतील. तो मुद्रांक शुल्कासाठी सरकारनं ठरवलेला जागेचा दर आहे. पागडीच्या खोलीत राहणाऱ्याच्या पगाराशी त्याचा संबंध नाही.

विविधता एका आकड्यात हवी असेल तर प्रत्येक गटाच्या वाट्याचा वर्ग करा, बेरीज करा, 1 मधून वजा करा. 50, 30, 20 टक्के असे तीन गट असतील तर 1 − (0.25 + 0.09 + 0.04) = 0.62. हेच 80, 10, 10 असतील तर 0.34. दोन वॉर्डांची तुलना करताना गटांची विभागणी तीच ठेवा. एकीकडे ‘इतर’ एकत्र आणि दुसरीकडे फोडलेले असतील तर आकडे फसवतात. आणि हा आकडा फक्त गटांचे वाटे पाहतो. वॉर्डाच्या एका टोकाला एक समाज, दुसऱ्या टोकाला दुसरा असला तरी तो तोच येतो.

भाषेचा ठाव हवाच असेल तर शाळा बघा. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात, त्यामुळे कोणत्या गल्लीत उर्दू, तमिळ किंवा कन्नड शाळेचा पट टिकून आहे यातून बरंच कळतं. इंग्रजी माध्यम यातून वगळा, तिथे सगळ्याच घरांतली मुलं येतात.

नव्या जनगणनेची संदर्भतारीख 1 मार्च 2027 आहे आणि तीत सगळ्यांची जात नोंदवायची आहे. वॉर्डनिहाय तक्ते येईपर्यंत 2011 चे आकडे वापरताना वर्ष ठळक लिहा, विशेषतः पुनर्विकास झालेल्या भागात. तिथली निम्मी माणसं बदललेली असू शकतात.