मुलगी आठवीत आहे, दहावीची तयारी आत्तापासून सुरू करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी आठवीत, राज्य मंडळाची सेमी-इंग्रजी शाळा, एरवी अभ्यासात बरी पण गणितात डळमळीत. घराजवळच्या क्लासवाल्यांचं म्हणणं की नववीची परीक्षा झाली की मे महिन्याच्या व्हेकेशन बॅचमध्ये ते दहावीचा अर्धा अभ्यासक्रम उरकतात, तेव्हा आत्ताच नाव घाला. तर काय करावं?

तयारी आत्तापासून जरूर करा, पण नववीची. मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला गणित आणि विज्ञान शिकवते. दहावीचं मूल दहावीच्याच धड्यात अडकलंय असं मला क्वचित दिसतं. ते अडकलेलं असतं नववीत, कधीकधी तर आठवीत.

क्लासवाल्यांची घाई अगदीच खोटी नाही, हे आधी सांगते. दहावीचं वर्ष म्हणतो खरं, पण ते वर्षाचं नसतंच. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, विदर्भात त्याहून उशिरा. बोर्डाची परीक्षा पूर्वी मार्चात असायची. २०२५ मध्ये ती २१ फेब्रुवारीला सुरू झाली, २०२६ मध्ये २० फेब्रुवारीला. त्याआधी तोंडी आणि प्रात्यक्षिकं, त्याआधी जानेवारीत पूर्वपरीक्षा. म्हणजे शिकवून संपवायचं ते डिसेंबरअखेर. त्यात गणपती, सहामाही, दिवाळी आणि स्नेहसंमेलन वजा करा. हातात जेमतेम पाच-सहा महिने उरतात. हिशेब बरोबर आहे, त्यावर काढलेला उपाय मला पटत नाही.

कारण मे महिन्याच्या बॅचमध्ये होतं काय, तर पहिल्या आठवड्यात वर्गसमीकरणं सुरू होतात. वर्गसमीकरण सोडवायची पहिली रीत अवयव पाडण्याची. अवयव शिकवले आठवीत, 'बैजिक राशींचे अवयव' या प्रकरणात. त्यांची पुढची पायरी नववीच्या 'बहुपदी'त. ज्या मुलाचं हे कच्चं आहे त्याला फळ्यावरचं उत्तर दिसतं, ते वहीत उतरतं, आणि जूनमध्ये शाळेत तोच धडा आला की 'हे झालंय आमचं' म्हणून ते लक्षही देत नाही. एकच धडा दोनदा होतो आणि दोन्ही वेळा हातातून जातो.

तुमच्या मुलीची परीक्षा तुम्हीच आज संध्याकाळी घेऊ शकता. क्ष² + ९क्ष + १८ याचे अवयव पाडायला सांगा. बेरीज नऊ आणि गुणाकार अठरा येणारे दोन अंक, म्हणजे तीन आणि सहा, तिला न चाचपडता सापडले तर उत्तम. मग क्ष² – ९क्ष + १८ द्या, मग क्ष² + ३क्ष – १८. चिन्ह बदललं की गाडी घसरते की नाही ते बघा. घसरत असेल तर आठवीच्या मे महिन्यात करायचं काम तुम्हाला सापडलं. पंधरा दिवस, रोज अर्धा तास, आठवीचंच पुस्तक. दहावीचं पुस्तक घरात आणायचीही गरज नाही.

भूमितीत वेगळीच अडचण असते. नववीच्या पहिल्याच प्रकरणात पक्ष, साध्य आणि सिद्धता लिहायला शिकवतात. मुलांना वाटतं हा नुसता लिहिण्याचा सोपस्कार आहे. पण दहावीत समरूपता, पायथागोरसचं प्रमेय आणि वर्तुळ ही तिन्ही मोठी प्रकरणं सिद्धतेवर चालतात, आणि प्रत्येक पायरीपुढे कारण लिहायची सवय नसलेलं मूल आकृतीत उत्तर दिसत असूनही गुण घालवतं. समरूप त्रिकोणांची तोंडओळख नववीच्या 'त्रिकोण' प्रकरणाच्या शेवटी आहे. शिक्षक 'हे दहावीत येणारच आहे' म्हणून पुढे जातात, आणि ते हमखास सुटतं. त्रिकोणमितीचं तसंच: साइन-कोसाइनची गुणोत्तरं आणि ३०, ४५, ६० अंशांच्या किमती नववीत होतात, दहावीत थेट नित्यसमानता येतात. नववीच्या फेब्रुवारीपर्यंत ही प्रकरणं शाळेत खरोखर शिकवून होतायत का, एवढ्यावर डोळा ठेवा. क्लासच्या जाहिरातीपेक्षा ते महत्त्वाचं.

विज्ञानात माझ्या लेखी एकच प्रकरण जीव की प्राण आहे: नववीचं 'द्रव्याचे मोजमाप'. त्यात संयुजा (मूलद्रव्याची इतरांशी जोडलं जाण्याची क्षमता) आणि मूलकं (सल्फेटसारखे प्रभारित अणुगट) येतात. सोडियमची संयुजा १, कॅल्शियमची २, अॅल्युमिनिअमची ३, सल्फेटची २, एवढं पाठ आणि समजलेलं असेल तर रेणुसूत्र लिहिता येतं. रेणुसूत्र लिहिता आलं तर दहावीतल्या रासायनिक अभिक्रिया, धातुविज्ञान आणि थोडीफार कार्बनी संयुगं पेलतात. नाही आलं तर मूल समीकरणं चित्रासारखी पाठ करतं, आणि संतुलित करताना सूत्रातलेच आकडे बदलतं. पेपर तपासताना हे ओळखायला दोन सेकंद लागतात. भौतिकशास्त्राचे धागेही असेच आहेत: नववीचे गतीचे नियम दहावीच्या गुरुत्वाकर्षणात, नववीची धाराविद्युत दहावीच्या विद्युतधारेच्या परिणामांत.

इतिहास-भूगोलाची काळजी आत्ता करू नका. नववीचा इतिहास १९६० नंतरच्या भारताचा, दहावीचा इतिहासलेखन आणि उपयोजित इतिहास असा आहे. भूगोलात दहावीला भारत आणि ब्राझील. नववीत कमी पडलं म्हणून दहावीत अडेल असं तिथे फारसं काही नाही. नकाशा आणि आलेख वाचता येणं तेवढं बघा.

आता भाषा. पालक इथे सर्वांत कमी लक्ष देतात, आणि लवकर सुरुवात करण्याचा खरा फायदा इथेच आहे. दहावीची मराठी कुमारभारतीची कृतिपत्रिका ८० गुणांची: गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन ६, भाषाभ्यास १६, उपयोजित लेखन २४. शेवटचे दोन विभाग मिळून ४० गुण, म्हणजे निम्मा पेपर. पत्र, बातमी, जाहिरात, कथा, निबंध, व्याकरण यांपैकी काहीही धड्यांची प्रश्नोत्तरं पाठ करून येत नाही. वर गद्यात अपठित उतारा असतो तो वेगळाच. इंग्रजीतही न वाचलेले उतारे आणि लेखनकौशल्य आहेच. शेवटच्या तीन महिन्यांत कुणाचंही लेखन सुधारत नाही. दोन वर्षांत मात्र फार सहज सुधारतं: रोज वर्तमानपत्रातली एखादी बातमी आणि आठवड्याला एक पान स्वतःच्या शब्दांत. सेमीच्या मुलांचं मराठी 'घरचंच आहे' म्हणून सोडून दिलं जातं आणि निकालात तेच टक्केवारी ओढतं. बेस्ट ऑफ फाइव्हमुळे सहा विषयांतला सर्वांत कमी गुणांचा विषय टक्केवारीत धरत नाहीत. गणित डळमळीत असलेल्या मुलीला त्या सवलतीची खरी गरज गणितासाठी लागू शकते, ती मराठीवर खर्च होऊ नये.

दुसऱ्या भाषेबद्दल एक वाक्य: पूर्ण संस्कृत, पूर्ण हिंदी की दोन्ही निम्मं-निम्मं, हे ठरवताना नुसतं 'स्कोअरिंग' म्हणून ठरवू नका, आणि एकदा ठरवलं की दहावीत बदलू नका.

अभ्यासाची पद्धत विचाराल तर मी जुन्या वळणाची आहे. बालभारतीचं पुस्तक, वही, आणि गाईड मिटलेलं. सरावसंच शाळेत होतात. प्रकरणाच्या शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रह बऱ्याचदा राहून जातो, तो घरी करायचा. दहावीच्या बीजगणिताचा आणि भूमितीचा पेपर प्रत्येकी ४० गुणांचा, दोन तासांचा. त्यात चौथा आणि पाचवा प्रश्न मिळून ११ गुण जरा डोकं चालवायला लावणारे असतात. पुस्तकातलीच उदाहरणं जशीच्या तशी घोटणारं मूल तिथे थांबतं. संकीर्ण प्रश्नसंग्रहाशी नववीपासून झटापट केलेलं मूल निदान सुरुवात तरी करतं. पुस्तकांच्या पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. राज्यात पाठ्यपुस्तकं टप्प्याटप्प्यानं बदलणार आहेत, म्हणून मोठ्या भावंडांची जुनी पुस्तकं राखून ठेवण्याआधी शाळेत विचारा.

नववीचे गुण कुठे धरत नाहीत, असंही तुम्हाला कुणी सांगेल. २०२१ मध्ये कोरोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली तेव्हा निकालातले १०० पैकी ५० गुण नववीच्या वार्षिक निकालावरून दिले होते. तसं पुन्हा होईल असं मी म्हणत नाही. दुसरी गोष्ट अप्रिय आहे: काही शाळा आपला दहावीचा निकाल शंभर टक्के दिसावा म्हणून कच्च्या मुलांना नववीतच रोखतात, किंवा दाखला काढून १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायचा सल्ला देतात. मला हे साफ नापसंत आहे, पण चालतं. आठवीपर्यंत प्रगतीपुस्तकावर नुसत्या श्रेणी बघायची सवय असलेल्या पालकांना नववीच्या पहिल्या घटक चाचणीत धक्का बसतो तो यामुळेच.

फाउंडेशन कोर्सचं तुम्ही ओझरतं विचारलंय. जेईई-नीटसाठी आठवीपासून हजारो रुपये भरायचे का? गणित डळमळीत असलेल्या मुलीसाठी माझं स्पष्ट उत्तर नाही. वर सांगितलेली नववीची प्रकरणं पक्की असणं हेच त्या परीक्षांचंही फाउंडेशन. आणि दहावीनंतर तंत्रनिकेतन, आयटीआय, वाणिज्य, कला असं बरंच काही आहे. तिला काय आवडतं ते अजून तिलाही कळलेलं नसेल. साधा क्लास लावायचाच असेल तर नववीच्या जूनमध्ये लावा आणि नाव घालण्याआधी विचारा की नववी कधी संपवता. डिसेंबरात संपवून दहावी सुरू करतो म्हणाले तर दुसरीकडे बघा.

चित्रकला आवडत असेल तर शासनाची एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा वेळेत देऊन टाका. इंटरमिजिएटचे वाढीव गुण दहावीत मिळतात, मात्र प्रस्ताव शाळेमार्फत जावा लागतो. खेळाडूंचंही तसंच आहे.

दोन कामं कागदोपत्री आहेत, ती या वर्षीच करा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलीचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात हे सगळं बरोबर आहे ना, हे स्वतः जाऊन बघा. तेच पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर छापलं जातं. मूल शाळेत असताना दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत होते, दाखला निघाल्यावर हेलपाटे सुरू होतात. जातीचा दाखला लागणार असेल तर त्याचे जुने पुरावे आत्ताच शोधायला घ्या, अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाच्या जूनमध्ये सेतूत रांगा असतात.

दुसरं, तुमची शाळा शासकीय, अनुदानित किंवा जिल्हा परिषद-नगरपालिकेची असेल आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचं विचारा. ती फक्त आठवीतच देता येते, अर्ज शाळेमार्फत भरतात. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर असतात, दुसरा सातवी-आठवीच्याच अभ्यासावर. निवड नाही झाली तरी आठवीचं गणित त्या निमित्तानं एकदा पूर्ण घोटून होतं.