बाळंतपणानंतर शुगर गेली, मग तपासणी कशाला?

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांची आहे. यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. सहाव्या महिन्यात शुगर निघाली, बाळ होईपर्यंत इन्सुलिन घेतलं. बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी रक्त पाहून डॉक्टरांनी ते बंद केलं. त्यानंतर तपासणी झाली नाही. मुलगी आता अडीच महिन्यांची आहे. सासूबाई म्हणतात, शुगर लेकराची होती, लेकरासोबत गेली. डिंकाचे लाडू पोटभर खा. यजमान म्हणतात, शेतात राबणाऱ्याला शुगर होत नाही. माझ्या आईला शुगर आहे, म्हणून मला धाक वाटतो. काय करू? – एक वाचक

उत्तर : पोरी, तुझा धाक रास्त आहे, आणि अजून काही उशीर झालेला नाही.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. पोटात बाळ असताना वारेतून येणारी संप्रेरकं आईच्या इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. मग शरीराला जास्तीचं इन्सुलिन तयार करावं लागतं. तुझं शरीर तिथे कमी पडलं. वार पडली, अडथळा गेला, शुगर उतरली. पण शरीर तेच आहे. म्हणून गरोदरपणात शुगर झालेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा सात ते दहा पट असते. त्यात तुझ्या आईलाही आहे.

तिसऱ्या दिवशीचं रक्त इन्सुलिन थांबवायचं की नाही, एवढंच सांगतं. मुख्य तपासणी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी करतात, ती तुझी राहून गेली. मुलीची चौदा आठवड्यांची लस आता येईलच. त्या दिवशी तूही उपाशीपोटी जा, आधीचे आठ तास फक्त पाणी. आधी एकदा रक्त घेतील. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात विरघळवून देतील, ते पाच-दहा मिनिटांत संपवायचं. फार गोडमिट्ट असतं, मळमळतं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी. नंतर दोन तास तिथेच बसायचं, मुलीला खुशाल पाजायचं, आणि दुसऱ्यांदा रक्त. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सोय आहे का, ते आशाताईकडून आधीच विचारून घे. नसेल तर ग्रामीण रुग्णालय गाठ.

उपाशीपोटी १०० च्या आत आणि दोन तासांनी १४० च्या आत आलं तर ठीक. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, नाहीतर दोन तासांनी २०० किंवा त्याहून जास्त आलं तर मधुमेह समजतात, डॉक्टर पुन्हा तपासून पक्कं करतात. मधले आकडे आले तर तू काठावर आहेस, आणि तिथून मागे फिरता येतं. कुणी सांगेल, एवढं बसण्यापेक्षा तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी कर. आत्ता त्यावर विसंबू नकोस. बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, अंगात रक्त कमी असतं. आणि आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आजारही पुष्कळ. या सगळ्यांत तो आकडा फसवतो.

तपासणी चांगली आली तरी दर वर्षी करायची. माझी सारी नोकरी उपकेंद्रात गेली, आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तुझ्या वयाच्या पोरींची. गावात शुगर-बीपीची सरकारी तपासणी होते ती तिशीपासून पुढच्यांची. तू २४ ची. त्या यादीत तुझं नाव यायला अजून सहा वर्षं आहेत, तोवर तुला कुणी बोलावणार नाही. म्हणून माता-बाल कार्डावर ठळक लिहून ठेव : गरोदरपणात शुगर होती. कुठल्याही दवाखान्यात गेलीस तरी ते आधी दाखव.

आता लाडू. बाळंतिणीने उपाशी राहायचं नाही, अंगावर पाजताना तर मुळीच नाही. पाजल्याने तुझाही मधुमेहाचा धोका कमी होतो, तेव्हा ते सोडू नकोस. पण गूळही शुगर साखरेसारखीच चढवतो. डिंक, मेथी, खोबरं, तूप राहू दे. गूळ अगदी नावापुरता घालून सुपारीएवढा लाडू वळायला सांग आणि दिवसाला एक खा. ज्वारीची भाकरी चांगली, पण तीन-चार खाल्ल्या तर तीही शुगर वाढवते. दोन भाकरींसोबत तुरीचं घट्ट वरण, अंबाडीची किंवा चवळीची भाजी, कधी झुणका, अंडं. चहा दिवसातून चारदा होतो ना आपल्याकडे? त्यातली साखर आधी काढ. उपासाची साबुदाण्याची खिचडीही नकोच.

यजमानांना माझा निरोप दे : शेतात राबणाऱ्यांनाही शुगर होते. निंदण, वेचणी यांत अंग हलतं हे खरं, पण उन्हाळ्यात शेत रिकामं पडलं की ते थांबतं. म्हणून डॉक्टरांनी हो म्हटलं की बारा महिने रोज अर्धा तास भरभर चालायचं. मुलीला तेवढा वेळ त्यांनी सांभाळावं.

दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर दिवस राहण्याच्या आधी शुगर तपास. पहिल्या काही आठवड्यांतच बाळाचे अवयव घडतात, आणि तेव्हा शुगर वाढलेली असली तर बाळात व्यंग येऊ शकतं. तोवर तांबी बसवता येते, नर्सताईशी बोल.

रिपोर्ट आला की उपाशीपोटीचा आणि दोन तासांनंतरचा, दोन्ही आकडे मला लिहून पाठव.