इंजिनमधला व्हॅक्यूम मोजताना
पेट्रोल इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता चालू) असताना थ्रॉटल, म्हणजे आत जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, जवळजवळ बंद असतो आणि खाली जाणारे पिस्टन हवा ओढत राहतात, म्हणून इनटेक मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब वातावरणाच्या दाबाखाली उतरतो; व्हॅक्यूम गेज हा फरकच दाखवतो. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच तुम्ही मोजमाप घ्यावे. समुद्रसपाटीला काटा साधारण 17 ते 21 इंच पाऱ्यावर (पाऱ्याच्या स्तंभाच्या उंचीत दाब मोजण्याचे एकक) स्थिर राहतो, पण दर हजार फूट उंचीला सुमारे एक इंच कमी होतो, त्यामुळे महाबळेश्वरला दिसलेले 15 इंच हा दोष समजू नये. माझ्या मते आकड्यापेक्षा काट्याची हालचाल अधिक बोलकी असते: तो ठरावीक लयीत झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नसण्याची शक्यता असते, आणि स्थिर पण बराच खाली असेल तर गॅस्केटमधून (सांधे हवाबंद ठेवणाऱ्या पट्टीतून) हवा शिरते का, इग्निशनचे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडले आहे का, हे आधी तपासावे.