बंदराच्या रुळांवर पुन्हा मालगाडी

प्रश्न : मुलगी इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ पिल गावात राहते. तिथली बंद पडलेली लाइन मालगाड्यांसाठी पुन्हा सुरू झाली म्हणे. गंजलेल्या रुळांवर गाडी चालते कशी? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, ही ब्रिस्टलहून पोर्टिसहेड या बंदराच्या गावाला जाणारी लाइन, 1867 ची. प्रवासी गाड्या 1964 मध्ये थांबल्या, पुढे मालही आटला. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉयल पोर्टबरी गोदीपर्यंत नवा फाटा टाकला आणि जहाजातून उतरलेला कोळसा रुळांवरून वीजकेंद्रांकडे निघाला.

रूळ सांभाळण्यात माझी उभी हयात गेली, म्हणून सांगतो. माथ्यावरचा गंज चाकांखाली घासून जातो, पण तोवर तो फार घातकी. रुळांतून हलका वीजप्रवाह सोडलेला असतो. चाकांमुळे तो एका रुळातून दुसऱ्यात गेला की सिग्नलला कळतं, इथे गाडी आहे. मध्ये गंजाचा थर आला तर गाडी उभी असूनही लाइन मोकळी दिसते! म्हणून आधी माथा घासून लख्ख करायचा. मग खडी चाळायची. ती मातीने बुजली तर पाणी निचरत नाही, रुळांखालचे आडवे स्लीपर खचतात. मोऱ्याही उपसायच्या.

मुलीला म्हणावं, पुलावरून खाली बघ. रुळांचा माथा चकाकत असेल तर गाडी नियमित येते.