देशाला डॉक्टर-नर्स किती लागतात, हे ठरवायचं कसं?

दर हजार लोकांमागे ठरावीक डॉक्टर-नर्स असा आकडा धरून कॉलेजांतल्या जागा वाढवल्या की नियोजन झालं ना, असं तुम्ही विचारलंय. मी याच क्षेत्रात काम करतो, आणि माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या धोरणात दर हजारी ४.४५ डॉक्टर, नर्स आणि प्रसूतिसेविका असा आकडा आहे. देशादेशांतली तूट ताडून पाहायला तो ठीक आहे. पण अमुक रुग्णालयात रात्रपाळीला किती जणी हव्यात, हे त्यावरून कळत नाही.

त्यासाठी कामाच्या भारावरून हिशोब मांडावा लागतो. समजा, अतिदक्षता विभागातल्या एका जागी चोवीस तास नर्स हवी. वर्षाचे तास झाले ८,७६०. आठवड्याला सहा दिवस धरले तर एका नर्सचे ३१२ दिवस होतात. सण, हक्काची रजा, आजारपण, प्रशिक्षण यांत ५२ गेले, असं धरू. उरले २६० दिवस, म्हणजे आठ तासांच्या ड्युटीने २,०८० तास. भागून पाहा, ४.२ येतात. तीन पाळ्यांना तीन जणी असं कागदावर मंजूर केलं, तर उरलेलं काम त्याच तिघींच्या रजा आणि सुट्ट्या खातं. वर्षभरात त्यातली एक नोकरी सोडते आणि बाकीच्या दोघींवर आणखी भार पडतो. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय आणि दर वेळी तितकाच त्रास होतो, कारण हा हिशोब आधी करता आला असता.

दुसरी गोष्ट पैशाची. नर्स तयार व्हायला तीन-चार वर्षं लागतात, तज्ज्ञ डॉक्टरला दहाच्या आसपास. तेवढ्या काळात अर्थखात्याने पदं मंजूर केली नाहीत, तर एकीकडे दवाखान्यांत माणसं कमी आणि दुसरीकडे शिकलेली मुलं बेकार, असं होतं. आफ्रिकेतल्या काही देशांत नेमकं हेच घडलंय. म्हणून जागा वाढवण्याच्या बैठकीला अर्थखात्याचा माणूस पहिल्या दिवसापासून हवाच.

आणि माणसं टिकवायची कशी? मलावीने २००४ च्या कार्यक्रमात सरकारी आरोग्य कर्मचाऱ्यांना ५२ टक्के वेतनवाढ दिली आणि सोबत प्रशिक्षणाच्या जागाही वाढवल्या. थायलंडने १९९४ पासून ग्रामीण भागातलेच विद्यार्थी निवडून, त्यांच्याच प्रांतात बरंचसं शिक्षण देऊन डॉक्टर घडवले. मला हा दुसरा मार्ग जास्त भावतो. सक्तीच्या बंधपत्राने आलेला डॉक्टर बहुधा मुदत संपायची वाट पाहत असतो.

सुरुवात मात्र नोंदवहीपासून करा. नोंदणी परिषदेच्या यादीत वारलेले, परदेशी गेलेले, व्यवसाय सोडलेले अशी सगळी नावं तशीच राहतात. ती यादी पगारपत्रकाशी ताडली की प्रत्यक्ष कामावर कोण आहे ते कळतं. नव्या कॉलेजाचा प्रस्ताव त्यानंतर लिहावा.