ग्रबच्या मेनूत क्रमांकावर विसंबू नका

तुम्ही लिहिले आहे की उबंटू लिनक्सच्या नव्या कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) नेटवर्क कार्ड चालेना, म्हणून ग्रबच्या, म्हणजे यंत्र सुरू होताना कोणता कर्नल चालवायचा हे ठरवणाऱ्या प्रोग्रामच्या, /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये 'ग्रब_डिफॉल्ट'पुढे "१>२" लिहून जुना कर्नल पक्का केला. काही आठवडे सुरळीत गेले आणि परवाच्या अपडेटनंतर, फाइलला कोणीही हात लावलेला नसताना, सर्व्हर पुन्हा त्याच बिघडलेल्या कर्नलवर सुरू झाला. हे वाचताना मला माझाच जुना प्रसंग आठवला, कारण मी अगदी हेच केले होते, आणि तेही अशा सर्व्हरवर, जो माझ्यापासून शेकडो किलोमीटर दूर एका भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये होता.

चूक तुमच्या अपडेटची नाही, त्या क्रमांकाची आहे. मोजणी शून्यापासून होते. '१' म्हणजे मुख्य मेनूतला 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' हा उपमेनू आणि '२' म्हणजे त्यातली तिसरी नोंद. त्या उपमेनूत सर्वांत नवा कर्नल, त्याची रिकव्हरी (दुरुस्तीसाठीची नोंद), त्यानंतर दुसरा कर्नल आणि त्याची रिकव्हरी असा क्रम असतो. म्हणजे "१>२" याचा अर्थ 'माझा चांगला कर्नल' असा नसून 'नव्याच्या मागचा कर्नल' एवढाच आहे. तिसरा कर्नल आला, यादी दोन घरे खाली सरकली आणि कालपर्यंत पहिल्या घरात बसलेला बिघडलेला कर्नल नेमका त्या क्रमांकावर येऊन बसला. ग्रबने सांगितलेले काम चोख केले. सांगितले मी चुकीचे होते.

माझे खरे नुकसान मात्र पुढे झाले. सर्व्हर चालू, पण नेटवर्क नाही, म्हणजे दुरून यंत्रात शिरण्याची एसएसएचची वाटही बंद. जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या मदतकक्षाकडे तक्रार नोंदवली, तर तीन वेळा जवळजवळ शब्दशः एकच उत्तर आले: यंत्राला वीजपुरवठा सुरू आहे, हार्डवेअरमध्ये दोष आढळला नाही, तक्रार बंद करीत आहोत. त्यांच्याच नियंत्रण पटलावर रेस्क्यू मोडची, म्हणजे वेगळी तात्पुरती प्रणाली चालवून डिस्क दुरुस्त करण्याची, सोय आहे, हे एकानेही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मलाच सापडली. मग डिस्कचे मूळ विभाजन माउंट करून, डेव्ह, प्रॉक आणि सिस हे प्रणालीचे फोल्डर जोडून, सीएचरूटने त्या बंद पडलेल्या प्रणालीत शिरून फाइल दुरुस्त करायला व मेनू नव्याने बनवणारी 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा चालवायला वीस मिनिटेही लागली नाहीत. भाड्याचा सर्व्हर घेतला की पहिल्याच दिवशी रेस्क्यू मोड एकदा वापरून पाहावा, असे माझे ठाम मत आहे, मग कोणाला तो अतिसावधपणा वाटो.

आता उपाय. /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी ही फाइल हाताने बदलू नका. ती आपोआप तयार होते आणि पुढच्या कर्नलबरोबर तुमचा बदल पुसला जातो. तिचा उपयोग फक्त वाचण्यापुरता करा. प्रत्येक नोंदीच्या ओळीत 'मेनूएंट्री_आयडी_ऑप्शन' या शब्दापुढे एक लांबलचक ओळखनाम असते, ज्यात कर्नलची आवृत्ती आणि डिस्कवरील विभाजनाचा यूयूआयडी (एकमेव ओळखक्रमांक) असतो. उपमेनूचे ओळखनाम आणि हव्या त्या कर्नलचे ओळखनाम मध्ये '>' घालून जोडा, सगळे अवतरणचिन्हांत ठेवा आणि तेच 'ग्रब_डिफॉल्ट'ला द्या. नवे कर्नल कितीही आले तरी हे नाव सरकत नाही. मात्र तो कर्नलच काढला गेला तर ग्रब मुकाट्याने पहिल्या नोंदीवर जातो, म्हणून त्या आवृत्तीची पॅकेजे 'एपीटी-मार्क होल्ड'ने रोखून ठेवा. हा कायमचा इलाज समजू नका. रोखलेल्या कर्नलला सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत.

नवा कर्नल आजमावायचा असेल, तर 'ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड' करून 'अपडेट-ग्रब' चालवा, 'ग्रब-सेट-डिफॉल्ट'ने चांगला कर्नल नेमा आणि 'ग्रब-रीबूट'ने नवा कर्नल फक्त एका वेळेपुरता निवडा. तो फसला, तर पटलावरून यंत्र बंद करून चालू केल्यावर जुनाच येतो. /बूट हे एलव्हीएम (डिस्कची जागा वाटणारी व्यवस्था) किंवा बीटीआरएफएस (एक फाइलप्रणाली) यांवर असेल तर यावर भिस्त ठेवू नका, कारण तेथे ग्रबला ही निवड लक्षात ठेवणाऱ्या ग्रबएन्व्ह फाइलमध्ये लिहिता येत नाही आणि 'एका वेळेपुरता' केलेला निर्णय तसाच चिकटून राहू शकतो. हे सर्व डेबियन आणि उबंटूपुरते. फेडोरात नोंदी /बूट/लोडर/एंट्रीज या फोल्डरमध्ये स्वतंत्र फाइलींत असतात आणि तेथे त्या बदलण्यासाठी 'ग्रबी' ही आज्ञा वापरणे शहाणपणाचे.

तुम्ही "१>२" अवतरणचिन्हांत लिहिले होते, ते बरे केले. /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाइल शेल वाचते, त्यामुळे अवतरणचिन्हे विसरली तर '>' हे फाइलीत लिहिण्याचे चिन्ह ठरते, मूल्य नुसते '१' उरते आणि ज्या फोल्डरमधून 'अपडेट-ग्रब' चालवले तेथे '२' नावाची रिकामी फाइल तयार होते. माझ्या रूटच्या होम फोल्डरमध्ये ती कितीतरी महिने पडून होती.